आबांची काडी

मंगळवार, संध्याकाळ. जळगाव

वेगवाचनाच्या वर्गात आज मॅडमनी माझी खोड पकडली. मी प्रत्येक शब्द मनात बोलून वाचते. म्हणाल्या, "तो आवाज बंद करा, पेन्सिल ओळीखालून भरभर फिरवा." फिरवली. अख्खं पान मिनिटभरात संपलं, आणि विचारलेलं सगळं आठवलं! खात्याची परीक्षा निघेल म्हणायची आता.

पण पेन्सिल फिरवताना आबांची काडी आठवत राहिली. लहानपणी असोद्याला आबा मला वाचायला बसवायचे आणि शब्दाखाली कपाशीची काडी धरायचे. किती हळू सरकायची ती! सवय तिथलीच. घरी येताच फोन लावून वडिलांना चक्क सुनावलं, "आबा, तुमच्या काडीमुळे मी हळू वाचते."

ते हसले. "बेटा, तुले तं शाळेतच येत व्हतं. तू वाचे, मी आयके. शिकत तं मी व्हतो."

म्हणजे काडी थांबायची ती माझ्यासाठी नव्हतीच? त्यांना शब्द लागेपर्यंत थांबायची?

आज अख्ख्या गल्लीला पेपर वाचून दाखवतात आबा. त्यांना वाचायला मी शिकवलं. सहा वर्षांची असताना.