एकच बाटली मागवायची होती

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा नमस्कार खुर्चीत बसूनच घालतोय, पण भावना साष्टांगच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिने चढ-उतार बंद असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. तसंही सध्या तुला उतरता येणार नाही, कारण जिन्यात आमच्या कंपनीच्या पेयाची एकोणीस खोकी उभी आहेत, हे बाबांकडून कळलं. तू माझा फोन उचलत नाहीस, त्यात तुझी काहीच चूक नाही. तुझ्या जागी मी असतो तर भाच्याचं नावच टाकलं असतं. पण आत्या, तू इतकी वर्षं वॉर्डात मेट्रन म्हणून काढलीस, रोग्याचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय कधी कुणाला सुई टोचली नाहीस. तेवढीच सवलत मला दे.

तुझा समज आहे की मी कॉम्प्युटरवर चित्रं काढतो. तसं नाही गं. वेबसाइटवर आलेला माणूस हरवू नये, दोन-चार बटणं दाबून, हवं ते घेऊन सुखाने आपल्या कामाला लागावा, हे बघणं माझं काम. आता आमचं पेय काय, तर बाटलीतलं लिंबू-आलं, फसफसणारं. ते विकायला एक फोटो आणि 'मागवा' असं एक बटण पुरे, असं मी पहिल्याच बैठकीत म्हणालो. पण बैठकीच्या खोलीत पाणी मिळत नाही, फ्रिजमध्ये फक्त आमचंच पेय असतं, त्यामुळे तिथे कुणी ठामपणे बोलायला लागलं की मध्येच ढेकर येतो (मलाही आला) आणि मुद्दा तिथेच बसतो. मालक म्हणाले, "वेबसाइट उघडली की पेय प्यायल्यासारखं वाटलं पाहिजे." झालं! आता वेबसाइट उघडली की बाटली दिसते, फोन गदागदा हलवला की तिचं झाकण उडतं, मग फेस वर येऊन सगळा पडदा झाकून टाकतो, आणि तो ओसरेपर्यंत माणसाने ताटकळायचं. मी घड्याळ लावून पाहिलं. तेवढ्या वेळात खालच्या दुकानातून बाटली आणून पिऊनही होते.

अशी वेबसाइट लोकांपुढे आणण्याआधी तिची चाचणी घ्यावी लागते. तिचा एकच कडक नियम: समोरच्याला एक काम द्यायचं आणि तो कितीही अडखळला तरी मदत करायची नाही, गप्प बसून टिपत राहायचं. ठरलेली माणसं ऐन वेळी आली नाहीत म्हणून मी बाबांनाच ऑफिसात आणून बसवलं. काम सोपं, एक बाटली मागवा. बाबांनी फोन असा काही हलवला की तो हातातून सुटून थेट फ्रिजमागे गेला. तो काढला. फेस आला तेव्हा ते खिशातून रुमाल काढून काच पुसत बसले. मग अगदी तळाशी त्यांना कंपनीचा फोन नंबर सापडला आणि त्यांनी तो सरळ लावला. तो नंबर माझ्याच टेबलावरचा, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. मदत करायची नाही असं नियम म्हणतो, फोन उचलू नये असं म्हणत नाही, म्हणून मी उचलला आणि गप्प राहिलो. बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "हॅलो, एक बाटली हवी होती." मग फोनवर हात ठेवून मलाच म्हणाले, "कुणी बोलत नाही रे, नुसता श्वास ऐकू येतोय." मी वहीत लिहिलं: माणूस चिकाटीचा.

आता तुझ्या खोक्यांकडे येतो. माझी इथली नोकरी अजून कच्चीच. या शुक्रवारी सहा महिने पुरे होतात, तेव्हा मालक ठरवणार, ठेवून घ्यायचं की नारळ द्यायचा. आणि नेमकी अशा वेळी त्यांना ती कल्पना सुचली. कुणी एक बाटली मागवली की विचारायचं, 'एकावरच थांबणार?' त्याखाली तळहाताएवढं पिवळं बटण: 'छे, खोकंच पाठवा!' आणि त्याच्याही खाली, पांढऱ्यावर फिकट राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'हो, एकच'. ही शुद्ध फसवणूक आहे, असं मी म्हणालो. (म्हणजे मनात म्हणालो. तोंडाने 'बघतो' म्हणालो.) आणि ती अक्षरं मी माझ्या हातांनी बारीक केली.

मग तू वेबसाइटवर आलीस. भाच्याचं काम बघावं, कौतुक म्हणून एक बाटली मागवावी, एवढाच तुझा साधा हेतू. पिवळं बटण दाबलं गेलं, चूक लक्षात आली, तू 'मागे' दाबलंस. यात एक भानगड राहून गेली होती, तीही माझीच: मागे जाऊन पुन्हा पुढे आलं की आधीचं खोकं रद्द होत नाही, आणखी एक वाढतं. दुसरं कुणी दोन-तीन खोक्यांत थकलं असतं. पण तू हार मानणारी नव्हेस, हे आपल्या घरात कोण नाकारेल? एकोणीस वेळा! खोकी आणणाऱ्याने पैसे मागायला तोंड उघडलं आणि तुझा चेहरा बघून माल तिथेच टाकून पळाला, असं बाबा सांगत होते. इकडे ऑफिसात विक्रीचा आलेख सरळ वर गेला, मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. लाज वाटली गं, पण थोपटून घेतली.

बाकी सर्व ठीक. गुडघा शेकत जा.

तुझा, तूर्त कच्च्या नोकरीतला,
भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. शुक्रवारी अकरा वाजता मालक स्वतः तुझ्याकडे येताहेत, पुष्पगुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन. एका बाईने एका बैठकीत एकोणीस खोकी मागवली म्हणजे ती या पेयावर जीव टाकते, अशी त्यांची खात्री आहे. तू माझी आत्या, हे त्यांना ठाऊक नाही. तेव्हा एवढंच कर: एक घोट घे, 'वा' म्हण आणि फोटोत हस. (हसणं जमत नसेल तर निदान डोळे वटारू नकोस.) माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवणार, तोच बाबा आले. माझा आकडा वाढावा म्हणून ते गुपचूप एक बाटली मागवत बसले होते. 'हो, एकच' त्यांना दिसेना. चष्मा पुसला, फोन खिडकीपाशी नेला, पार नाकाला लावला. मग मला म्हणाले, "माझीच नजर गेली रे आता. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव." आणि मी 'बरं' म्हणालो, आत्या. ती अक्षरं मीच बारीक केलीत, एवढं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

शेवटचं ता. क. पहिलं ता. क. खोडलंय असं समज. 'वा' म्हणू नकोस, घोटही घेऊ नकोस. बाबांना आत्ताच आत जाऊन सांगतो की तुमची नजर ठणठणीत आहे. मालकांना शुक्रवारी सांगेन, तुझ्या दारात, सगळं. मी दहालाच पोचतो. नारळ मिळाला तर मिळाला, असं लिहितोय खरं. तू काही बोलू नकोस. ते आले की फक्त माझ्या शेजारी उभी राहा.