गोबेरच्या टोप्या

पिकार्दी,
संत मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, सन १२४६

प्रिय गोबेरदादा,

तिबोचा नमस्कार. वहिनी आणि पोरं खुशाल असतील. इकडे सगळं ठीक, सफरचंदाची दारू यंदा झकास उतरलीये. मला लिहिता येत नाही हे तू जाणतोसच. अक्षर फादर ऑदोंचं, बडबड माझी.

दादा, आपल्या चर्चचं छत उभं राहिलं! जाताना तू म्हणाला होतास, "एवढ्या पातळ भिंती, त्यात भिंतभर खिडक्या! कमानींखालचा लाकडी सांगाडा काढाल, त्या दिवशी खाली कोण उभा राहतो बघू." शनिवारी सुतारांनी सांगाडा काढला आणि खाली मी उभा राहिलो. मूठभर चुना डोक्यावर पडला, बस्स! काचा बसायच्यात अजून, त्यामुळे इतकं ऊन आत आलं की पाववाली माहोआजी ओरडली, "अरे देवा, आता प्रवचनाला डुलकी कशी काढायची?"

फादर म्हणतायत, "तिबो, शाई वाळतेय. खरं ते बोल."

बोलतो. बाहेरच्या आधारखांबांच्या डोक्यावर जड दगडी शंकू बसवा, वजन खाली दाबेल, असं तू सांगत होतास. मी चारचौघांत म्हणालो, "खांबाला थंडी वाजते का रे, टोपी घालतोस ती?" सगळे हसले. त्याच दिवशी तू हत्यारं बांधलीस.

पुढच्या वसंतात एक खांब बोटभर बाहेर झुकला. माझी पाचावर धारण बसली. गुपचूप तुझे शंकू घडवले, वर चढवले. झुकणं थांबलं. उस्ताद एव्रारनी विचारलं तेव्हा म्हणालो, कल्पना माझीच. खरी टोपी मी घातली, दादा, अख्ख्या गावाला. शनिवारी छताखाली उभा राहिलो तोही तुझ्या भरवशावर.

सांगाडा उतरल्यावर उस्ताद म्हणाले, "त्या शंकूंवर तुझी खूण कोर." मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं. उस्ताद आधी लाल झाले. "गाढवा, हे सांगायला दीड वर्ष लागलं?" मग हसतच म्हणाले, "बोलव त्याला. मनोरा बांधायचाय."

काल वर चढून तुझी खूण कोरली, बाण आणि दोन रेघा. गवंडी आता त्यांना गोबेरच्या टोप्याच म्हणतात. मला फार आनंद झालाय दादा, आणि लाजही वाटतेय.

ये. शिव्या घालायला का होईना, ये.

तुझ्या टोप्यांखाली, स्वतःची टोपी काढून उभा असलेला,
तिबो