चौथ्या भागात ऑर्विन बिघडला

शनिवार, ९ ऑगस्ट
आणलं एकदाचं पुस्तक! दुकान उघडायच्या आधीच रांगेत होते, इथल्या ऑगस्टमधल्या हिवाळ्याने नाक गळत होतं. जगाच्या पूर्व टोकाच्या आमच्या गिझबर्नला आधी उजाडतं, म्हणून चौथा भागही आधी आमच्याच हातात पडतो. माझ्या मैत्रिणीच्या, ब्रिडीच्या स्कॉटलंडात अजून शुक्रवारच चालू आहे. ती तिकडे राहायला गेली तेव्हाच ठरलंय — दोघींचं वाचून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. मग दर रविवारसारखा मी फोन करायचा, आणि कान दुखेपर्यंत बोलायचं.

दुपारी
संपलं. काय हे!

तीन भाग बिचारा ऑर्विन दारात ताटकळला. घरच्यांनी 'आत ये' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही, नियमच तो. त्याच्या लाडक्या सेल्माने तसं म्हणावं की म्हणू नये, यावर ब्रिडी आणि मी नववीचं अख्खं वर्ष भांडलो. आणि आता? साहेब कसलीशी गोळी घेतात, उन्हात हिंडतात, न विचारता थेट स्वयंपाकघरात येऊन टोस्टला लोणी लावतात. मग लग्न. बाळ. खलनायकालाही माफी. लेखिकेला कंटाळा आला होता, दुसरं काही नाही.

आईला सांगितलं तर म्हणते, "अगं, लग्न झालं की सगळेच असे होतात."

मला राहवलं नाही. ब्रिडीला सगळं लिहून पाठवलं — गोळी, लग्न, बाळ, सगळं. पाठवून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तिच्याकडे अजून शनिवार उजाडलासुद्धा नाही. मूर्ख आहे मी.

रविवार, १०
फोन केला. उचलला नाही. संदेश मात्र वाचलाय.

मंगळवार, १२
पुस्तक गेलं खड्ड्यात. मला भीती वेगळीच आहे. तिची शाळा वेगळी, मैत्रिणी वेगळ्या, तिथले तिचे विनोदसुद्धा मला कळत नाहीत. आमच्या दोघींचं म्हणून एवढंच उरलं होतं. तेही मीच घालवलं.

आई म्हणाली, "नुसती तोंड पाडून काय बसलीस? कर ना परत फोन."

केला. नाही उचलला.

गुरुवार, १४
आजही नाही. ब्रिडी नसेल तर मला नाही करमत. झालं लिहून.

शनिवार, १६
ब्रिडीचा फोन आला. रडत होती. वाटलं, आता शिव्या बसणार.

म्हणाली, "तुझ्यावर चिडायला हवं होतं ना मी? पण चिडताच येईना. मी चौथा भाग घेणारच नव्हते. तिसराही वाचला नव्हता. इंटरनेटवर गोष्ट वाचून बोलायचे तुझ्याशी."

म्हटलं, कशाला गं?

"नाहीतर तू दर रविवारी फोन कशाला केला असतास?"