धरून ठेवायचं बटण

१२ नोव्हें., बुध. सणसर
सीक्वेन्सर चालला! आपोआप ठेका वाजवणारं माझं यंत्र. ग्रिडवर बटणांची एक ओळ, उजेड डावीकडून उजवीकडं पळतोय, आणि मी जिथं जिथं बटण दाबून ठेवलंय तिथं रंगीत तारांनी जोडलेल्या मॉड्युलर पेटीतून ठेका पडतोय. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा काहीतरी पुरं केलं. आई दारात येऊन, पळता उजेड बघून म्हणाली, दिवाळी संपली, माळा काढ आता. आज कुणी कायबी म्हणा.
शीतलला ठेक्याचा आवाज पाठवला. ती गाते. तिचा चुलतभाऊ, त्यांच्या गायन पार्टीचा ढोलकीवाला, नोकरीला पुण्याला गेलाय. २३ला कळसच्या विहारात कार्यक्रम, ठेका धरायला माणूस नाही. उत्तर आलं, "घेऊन ये. मावशीकडं." घेऊन ये!!

१५, शनि.
बारामती, तिच्या मावशीचं घर. शी. गायली. पहिलं कडवं, अंगावर काटा. दुसऱ्यात तिनं ओळ लांबवली, वर नेली, आणि सीक्वेन्सर आपला पुढं निघून गेला. ती समेवर आली तेव्हा तो कुठल्या कुठं. परत परत तेच.
मी म्हणालो, तू ताल सोडतेस.
"मी न्हाय सोडत. दादा माझ्या तोंडाकडं बघून थांबायचा. ह्याला डोळं कुठंयत?"
मग यंत्रावर गायला शिक, असं बोलून गेलो. मावशी आतून म्हणाली, भांडा, पण चहा गार करू नका. चहा न पिता निघालो. एस.टी.त पेटी छातीशी धरून सणसरपर्यंत उभा. मूर्ख.

१६, रवि.
तिचा फोन नाही. मीही केला नाही. का करू?
दुपारी उसाला पाणी लावताना सुचलं. दादा थांबत नव्हताच! ती परत येईपर्यंत तेच चार बोल फिरवत राहायचा. म्हणजे एक बटण. धरलं की उजेड चार घरांतच फिरेल, सोडलं की पुढं. मोटर तशीच चालू ठेवून घरी पळालो. पप्पांच्या शिव्या अजून चालू आहेत.

१८, मंगळ.
झालं. आधी बोट मध्येच सुटलं की अडखळायचं. आता चाराचा फेरा पुरा करूनच पुढं जातं. एकटाच नाचलो. शी.ला लिहिलं, चुकलो. आणि त्याला डोळे बसवलेत.
उत्तर: "बगू."

२०, गुरु.
मावशीकडं. मी बटण धरून तिच्या तोंडाकडं बघत बसलो. बघतच बसलो. ती ध्रुवपदावर आली तरी मी फिरवतोच आहे. मावशी फिसकन हसली.
शी.नं हात पुढं केला. "दे हिकडं. मीच धरते."
माझं यंत्र. द्यावंसं वाटेना. दिलं. तिनं बटण धरलं, ओळ वर नेली, अजून वर, हवी तेवढी, आणि सोडलं. समेवर, बरोब्बर. असं गाणं आयुष्यात ऐकलं नाही.
मग लक्षात आलं, मला काही कामच उरलं नाही. म्हणालो, आता रविवारी मी कशाला येऊ?
ती बटणाकडंच बघत, "तारा कोण जोडणार?" मग बटणावरचं बोट काढून, "आबांना इचारते."
आबा म्हणजे तिचे वडील, पार्टी त्यांची. मागं मला तिच्यासोबत एस.टी. डेपोत बघून तिला घेऊन तडक गाडीत चढले होते.

२१, शुक्र.
अजून फोन नाही. बारामतीला जाऊन नव्या तारा आणल्या. जुन्या लाल, पिवळ्या, हिरव्या होत्या, कुणीही बघून जोडील. ह्या सगळ्या काळ्या. कुठली कुठं, ते फक्त मलाच ठाऊक.