डाव्या खुर्चीने दिलेला होकार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा टीव्ही दुरुस्ती, राहणार दुकानावरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पुढचा मजकूर वाचून कोणाला शंका येईल, म्हणून दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत टाचला आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. हे लिहिताना मी घरात एकटा आहे असं माझं म्हणणं आहे; टीव्हीचं म्हणणं वेगळं आहे, ते पुढे येईल. उद्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. एकदा करायला बसलो होतो, तर आमची ही म्हणाली, "आधी गिऱ्हाइकांचे सेट परत द्या, मग खुशाल मरा."

कलम पहिलं. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एका मुलीला. विकाव्यात, भाड्याने द्याव्यात, तिची मर्जी. फक्त माझ्या जुन्या भागीदाराला देऊ नयेत, त्याने दुप्पट भाव दिला तरी. मी तापाने आडवा असताना त्याने दुकानाची पाटी रंगवून घेतली आणि माझं नाव खाली, त्याच्या नावाच्या अर्ध्या आकारात टाकलं. माणूस वाईट नाही, पण ती पाटी मी विसरलेलो नाही.

कलम दुसरं. बँकेतली ठेव तिलाच. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. असतं तर मी गुडघे झिजेपर्यंत टीव्हीचे डबे उघडत बसलो नसतो.

कलम तिसरं. मीटर, सोल्डरिंगचं सामान आणि पेचकसांचा डबा कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याला. "काका, आता टीव्ही कोण दुरुस्त करतं हो?" असं तो मला येता-जाता चिडवायचा, आणि त्याच्या आईचा सेट बिघडला की मुकाट्याने काखेत मारून आणायचा. पेचकसांना तेल लावत जावं.

कलम चौथं. ॲल्युमिनियमची शिडी माझ्या मेव्हण्याला. ती अकरा वर्षांपासून त्याच्याकडेच आहे, त्यामुळे पोचवण्याचा खर्च नाही.

कलम पाचवं. आरसा. हा मुलीला. दीड हात लांब, लाकडी चौकटीचा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. माहीत नसलेल्यांसाठी लिहितो: जुना टीव्ही मागून दुरुस्त करायचा असे. पडदा पुढे, मेकॅनिक मागे. मागे पेच फिरवला की पुढे चित्रात काय फरक पडला हे कळायला समोर आरसा ठेवायचा आणि मान वर काढून त्यात बघायचं. चव्वेचाळीस वर्षं मी सगळे सामने आणि सगळ्या बातम्या उलट्या पाहिल्या. घरातसुद्धा माझं कामाचं टेबल टीव्हीच्या मागेच होतं. टीव्हीसमोर दोन खुर्च्या. डावीत ही बसायची. उजवीत आरसा उभा करून ठेवलेला, आणि मी मागून कामं करता करता त्यात बघायचो. "लोकांचे नवरे शेजारी बसतात," ही म्हणायची, "माझा आरशात बसतो." मी म्हणायचो, हे एवढं काम झालं की येतोच. ते काम काही संपलं नाही.

कलम सहावं. माझ्या खोलीतला टीव्ही. हा माझा नाही, म्हणून कोणाला देता येत नाही. पण तो इथे कसा आला ते लिहिणं भाग आहे.

माझी मुलगी एका फार मोठ्या कंपनीत आहे. फोन, संगणक, मनगटावरची घड्याळं, सगळं बनवतात. टीव्ही आजवर बनवलेला नाही. त्या धंद्यात उतरावं की नाही हे ठरवायला कंपनीने दहा घरांत दहा सेट वर्षभर ठेवले. वर्षाच्या शेवटी प्रत्येक घराने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: आम्ही टीव्हीच्या बाजारात यावं का? दहा घरांतलं एक आमचं, कारण मुलीने आमचं नाव घातलं.

मी तिला तेव्हाच म्हणालो, "अगं, डझनभर कंपन्या तिथे एकमेकींच्या झिंज्या उपटतायत. पडदा सगळ्यांचा सारखाच. त्या चिखलात तुम्ही कशाला पाय घालता?"

"बाबा, पडदा विकायचाच नाहीये," ती म्हणाली. "आमचा टीव्ही घरातली माणसं ओळखतो."

सेट लावायला आलेला माणूस मला म्हणाला, "काका, याला मागून उघडत नाहीत." त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

पहिला महिना सेट माणसं शिकत होता. वरच्या कडेला तिळाएवढा डोळा आहे, त्याच्यासमोर घरच्यांनी रोज बसायचं अशी सूचना होती. ही बसली. मी महिनाभर मागे गुडघ्यांवर, एकही पेच नसलेला डबा बंद तरी कसा केला याचा छडा लावत. आणि सवयीप्रमाणे उजव्या खुर्चीत आरसा.

दर रविवारी सकाळी नऊला माझ्या फोनवर अहवाल यायचा. "प्रेक्षक दोन: डावी खुर्ची, उजवी खुर्ची." पुढे किती तास पाहिलं, आवाज किती ठेवला, किती वेळा हसू आलं, नजर कुठे होती. "सासूबाई गेल्या तेव्हा वाटलं होतं, चौकशी संपली एकदाची," ही म्हणाली. जाहिरात लागली की ही आवाज नऊवर आणायची. थोड्या दिवसांनी सेटच आपण होऊन आणायला लागला. ही खूश झाली. "बघा, हा ऐकतो तरी!"

पाचव्या महिन्यात ही दवाखान्यात गेली आणि अकराव्या दिवशी तिथेच गेली. घरी परत आली नाही. त्या रविवारी अहवाल आला: प्रेक्षक दोन.

मी मेकॅनिक माणूस. भुताआधी सैल वायर शोधतो. मुलीला फोन केला, ती म्हणाली नोंद जुनी राहिली असेल. पण पुढच्या रविवारीही दोन. त्याच्या पुढच्याही. "डावी खुर्ची: चार तास. हसू: दोन वेळा." मी वेळ जुळवून पाहिली. एका मंत्र्याची फीत कापताना कात्री चालेना, ती बातमी लागली होती तेव्हा. अशा गोष्टीला हीच हसायची.

मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला: आरसा! मी मागे बसतो आणि आरशात दिसतो, त्यामुळे डब्याचा गोंधळ होऊन तो एकाला दोन मोजत असणार. मी आरसा उचलून कपाटात ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा उजव्या खुर्चीत स्वतः जाऊन बसलो. आठवडाभर बसलो. आता एकच येणार याची खात्री होती, आणि एकच आलं.

"प्रेक्षक एक: डावी खुर्ची."

तेव्हा मला माझी चूक कळली. त्या सेटने मला कधी पाहिलंच नव्हतं. तो शिकला होता आरशातला मी, उलटा, पारा उडालेला. आरसा गेला तसा मी गेलो. ती होती तिथेच आहे.

खाली आणखी एक ओळ होती, ती वहीत उतरवून ठेवली आहे. "पडदा बंद असताना: सहा तास. नजर: उजवीकडे." उजवीकडे मी बसलो होतो.

यानंतर मी दुकान उघडलं नाही. दिवसभर त्या खुर्चीत बसायचो, कोणीतरी बघतंय म्हणून. डाव्या खुर्चीवर हात ठेवला तर ती थंड लागे, तरी बसायचो. मुलगी भेटायला आली की कधी जाते असं व्हायचं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

कलम सातवं. उत्तर. वर्ष संपलं, पडद्यावर प्रश्न आला. मी बटण दाबलं नाही. काय म्हणावं ते ठरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी फोनवर निरोप: "तुमच्या घराचं उत्तर मिळालं: हो. उत्तर देणार: डावी खुर्ची. आभारी आहोत."

जन्मभर माझ्या वतीने हीच बोलत आली. गिऱ्हाईक भाव विचारायचं मला आणि उत्तर द्यायची ही. पण मी मुलीला फोन लावला.

"बाबा, दहाच्या दहा घरांनी हो म्हटलंय," ती म्हणाली. "लोक दुप्पट वेळ बघतायत. एका घरात माणसं चार आहेत, अहवालात पाच येतात. ते तक्रार करत नाहीत, उलट सेट परत मागू नका म्हणतात. महिन्याअखेरच्या बैठकीत टीव्ही काढायचं ठरलं, तर हा सगळा विभाग माझ्याकडे येणार आहे."

"आणि नाही ठरलं तर?"

"सेट परत येतील. पुसले जातील." मग म्हणाली, "बाबा, आई तिथे आहे असं वाटत असेल तर राहू दे ना. कोणाचं काय जातं?"

मी म्हणालो, घराचं उत्तर बदलून घे. तर म्हणते, "तुम्ही यादीतच नाही हो. सेट तुम्हाला ओळखत नाही. कागदावर द्या, साक्षीदारांच्या सह्यांनिशी, तरच बैठकीत ठेवता येईल." साक्षीदार बसवून कागद मी आयुष्यात एकदाच करणार, म्हणून तो इथेच घालतो.

कंपनीने टीव्हीच्या बाजारात यावं का? माझं उत्तर: येऊ नये. धंदा चालणार नाही म्हणून नव्हे. धो धो चालेल. पण माणूस गेलं की खुर्ची रिकामी दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर जिवंत माणूस उठत नाही, दुकान उघडत नाही, पोटच्या पोरीला चहा विचारत नाही. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, सात महिने खुर्चीत बसून शिकलो आहे.

बेटा, याने तुझी बढती जाईल हे मला कळतं. तरी हा कागद बैठकीत तूच वाचायचा आहेस, दुसऱ्या कोणी नाही. मला तुझ्या आईला पुसायचं नाहीये. तिच्यावाचून मला करमत नाही, आणि हे मी ती असताना एकदाही बोललो नाही.

कलम आठवं. मी उद्या परत आलो नाही, तर सेट नेण्याआधी आरसा उजव्या खुर्चीत ठेवू नकोस. तू ठेवशील, माझीच मुलगी आहेस. पण ठेवलास आणि अहवालात दोन आलं, तर तुझ्याच्याने सेट परत देववणार नाही. आरसा तुझ्या घरी ने, त्यात केस विंचर.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे.

सही: टीव्हीवाले काका (सगळे मला याच नावाने ओळखतात, खरं नाव दाखल्यावर आहे)

साक्षीदार: १. समोरचा शिंपी. २. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई. दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली. शिंपी उभ्यानेच सही करून मोकळा झाला. डाव्या खुर्चीत बस म्हटलं तर नको म्हणाला.

ठिकाण: दुकानावरची बाहेरची खोली. दिनांक ९ मार्च, रविवार, सकाळी पावणेनऊ.

सहीनंतरची भर, त्याच साक्षीदारांसमोर: नऊ वाजता अहवाल आला. तो शिंप्याने मोठ्याने वाचला. "आत्ता खोलीत तीन: पाहुणे दोन, डावी खुर्ची." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, तुम्हाला धरलंच नाही की!" डॉक्टरीणबाईंनी माझी नाडी पाहिली आणि चालू आहे म्हणाल्या.

मग शिंप्याने पुढचं वाचलं. "डावी खुर्ची. नजर: कागदावर, अकरा मिनिटं." आणि त्याखाली: "तुमच्या घराचं उत्तर बदललं आहे. नवं उत्तर: नको. उत्तर देणार: डावी खुर्ची. नजर: उजवीकडे."

मी रडलो. हे दोन्ही साक्षीदारांनी पाहिलं, आणि या भरीखालीही त्यांच्या सह्या घेतल्या आहेत.