दंडावरची लाल रेघ

पुणे

ती. आईस अनिताचा दुरून नमस्कार.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांची भाताची झोडणी उरकली का?

फोनवर तू नुसतं हो हो करतेस, म्हणून लिहून आपल्या गावच्या अक्षयच्या हाती देते. तो आजच एसटीने टोकावड्याला निघालाय.

केमोसाठी तुझ्या दंडात बसवलेल्या नळीवर जी पट्टी आहे, तिच्याभोवती उठलेल्या पुरळाचा फोटो धाकट्या भूमिकाने पाठवला. गावातल्या जाणत्याने नागीण सांगून गेरू लावला म्हणे. आई, ती नागीण नाय गो. पट्टीचा चिकटा सोसला नाय की कातडी अशीच चौकोनी लाल होते. वॉर्डात मी रोज बघते. पट्टी बदलली की बसतं.

पण गेरूची माती नळीच्या तोंडाशी गेली तर जंतू रक्तात जातील. तू पुसू नको, खाजवू नको. पत्र मिळताच दवाखान्यात जा, सिस्टरला साफ करू दे. हुडहुडी भरली तर पत्राचीही वाट बघू नको, हे मी भूमिकाला सांगितलंय.

लहानपणी तूच सांगायचीस, नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस जातो. मी नर्स आहे, असलं मानत नाय. तरी फोटो मोठा करून त्या लाल रेघेवरून चारी बाजूंनी बोट फिरवलं.

कोपराकडे अजून बोटभर जागा कोरी आहे.

तुझी,
अनिता