शिट्टीचा उल्लेख नाही

१२ जानेवारी
निश्चय झाला. यंदा फेब्रुवारीत कारखाना-करंडकाच्या फुटबॉल फायनलला रेफ्री म्हणून उतरायचं ते पक्क्या दातांनी. ही माझी शेवटची फायनल. नंतर वयाच्या नियमानं घरी. मागच्या वर्षी ऑफसाइडची शिट्टी फुंकली तेव्हा शिट्टीच्या मागोमाग वरची कवळीही निघाली. सेंटर फॉरवर्डनं ती गवतातून उचलून दिली आणि म्हणाला, सर, मी नाही, ही ऑफसाइडला होती. लोक अजून हसताहेत. हसोत. यंदा बघतील.

१५ जानेवारी
दातांच्या डॉक्टरीणबाई. वय आमच्या मुलीएवढं. मला वाटलं होतं, हाडात स्क्रू पिळायचे, वर दात बसवायचे, अर्ध्या तासाचं काम. बाईंनी एक्स-रे दाखवला. डाव्या वरच्या दाढा जाऊन वर्षं झाली, तिथलं हाड अंड्याच्या टरफलाएवढं उरलंय. स्क्रू धरणार कशात? म्हणाल्या, दात नाही तिथे हाडाला काम नाही, आणि काम नसलं की हाड विरघळतं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, हे मला एक्स-रे न काढताही माहीत होतं.
उपाय आहे. हाडाची पूड भरायची, तिच्या आधारानं आपलं हाड पुन्हा धरतं. सहा-आठ महिने. मग स्क्रू. पूड कशाची, विचारलं. बैलाच्या हाडाची, शुद्ध केलेली. बायको म्हणाली, म्हणजे परकं काही नाही.
सहा-आठ महिने हा हिशेब सामान्य माणसांचा. मी खेळाडू. बाई म्हणाल्या, घाई नसेल तर फायनलनंतर करू. छे! पूड भरल्यावर कवळी घालायला बंदी. कवळीच नाही, तर उडणार काय? एका दगडात दोन पक्षी. हे बाईंना सुचलं नाही.

१ फेब्रुवारी
झालं. वरच्या हाडापलीकडे नाकात उघडणारी एक पोकळी असते, तिला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पडदा. तो अलगद उचलून खाली पूड भरली. अजिबात घाबरलो नाही. नर्सनं तिची बाही सोडा म्हणून सांगितलं, ते तिला दुसरीकडे जायचं होतं म्हणून.
सूचनांचा कागद मिळाला. नाक शिंकरू नये. स्ट्रॉनं पिऊ नये. फुगा फुगवू नये. शिंक आल्यास तोंड उघडं ठेवून शिंकावं. पडद्यावर दाब आला तर केलं-सवरलं पाण्यात.
मागची बाजूही पाहिली. शिट्टीचा उल्लेख नाही.
बाईंना विचारावं असं क्षणभर वाटलं. पण रेफ्री बचावपटूला विचारून पेनल्टी देत नसतो.

३ फेब्रुवारी
मुलगी म्हणाली, बाबा, मॅचचा बॉल गालातच ठेवलाय का? दुर्लक्ष केलं. गाल सुजला असता मान वळवायला त्रास होतो, त्यामुळे ते सोपं गेलं. जेवायला मऊ भात.

६ फेब्रुवारी
नियमाप्रमाणे तोंड उघडं ठेवून शिंकलो. बायको समोर पेपर वाचत होती. पेपर फेकावा लागला. यापुढे शिंकणार नाही.

११ फेब्रुवारी
असोसिएशनच्या सेक्रेटरींचा फोन. तब्येत बरी नसल्याचं कानावर आलंय, म्हणाले. बगळ्याला सांगू का? बगळा म्हणजे आमचा लाइन्समन. लांब मान, लांब पाय, आणि तोंडात बत्तीसच्या बत्तीस, तेही सतत दाखवत फिरणारा. कानावर कोणी घातलं, हे सांगायला नको. ठणठणीत आहे म्हणालो. ‘ठणठणीत’ नीट उच्चारता येईना, तेव्हा ‘बरा आहे’ म्हणालो.

१७ फेब्रुवारी
मुलीनं बॅटरीची शिट्टी आणली. बटण दाबलं की वाजते. फुंकायला नको. मी म्हणालो, शिट्टीचा जीव श्वासात असतो. बायको म्हणाली, आणि तुमचा शिट्टीत. तेवढ्यावर थांबली नाही. डॉक्टरांना एकदा विचारा, म्हणाली. मी यलो कार्ड दाखवलं. तिनं ताट उचललं.

२१ फेब्रुवारी
उद्या फायनल. बॅटरीची शिट्टी वापरणार. नक्की. जुनी फक्त गळ्यात असेल, शोभेला.

२२ फेब्रुवारी, सकाळी
छान वाटतंय. गाल बसला. हाडही भरलं असावं; जिभेला कळतं.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी
पहिला हाफ बॅटरीवर काढला. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा दोन खेळाडूंनी मागे वळून पाहिलं. ट्रक रिव्हर्स येतोय असं वाटलं, म्हणाले. प्रेक्षकांत कोणीतरी ओरडलं, येऊ दे, येऊ दे, अजून मागे! पुढे प्रत्येक फाउलला अख्खा स्टँड एका सुरात येऊ दे, येऊ दे.
दुसऱ्या हाफला पेनल्टी बॉक्समध्ये सरळसरळ हँडबॉल. बटण दाबलं. कोणी थांबेना, नुसतं हसणं. बाहेर बगळा दात दाखवत उभा.
जुनी शिट्टी तोंडात गेली. पोटातून फुंकली.
सगळे जागच्या जागी. एक आवाज नाही. तीस वर्षं मैदानावर काढली, अशी शिट्टी माझ्याकडूनही झाली नव्हती.
मी पेनल्टीच्या जागेकडे हात केला. गोलकीपर जवळ आला. हुज्जत घालणार असं वाटलं. हळूच म्हणाला, सर, तुमच्या नाकातून साखर पडतेय.
साखर नव्हती. मागोमाग रक्तही आलं. उरलेली मॅच बगळ्यानं घेतली. शेवटची शिट्टीही त्यानंच वाजवली. बरी वाजवली. दाढा असतील तर कोणीही वाजवेल.

२४ फेब्रुवारी
पडदा फाटला. बाईंनी सगळं काढून धुतलं. पुन्हा करायचं तर काही महिने थांबून, पहिल्यापासून. विचारलं, काय केलंत? शिट्टी, म्हणालो, पण कागदावर नव्हतं. बाईंनी सूचनांचा कागद पुढे ओढला. मग पेन घेऊन कागदाच्या तळाशी लिहिलं: शिट्टी वाजवू नये.
दंतवैद्यकात माझ्यामुळे एका नियमाची भर पडली. हे कोणी लक्षात घेणार नाही.

१ मार्च
असोसिएशननं शाल आणि जुन्या शिट्टीला फ्रेम दिली. भाषण बगळ्याचं. चांगलं बोलला, लेकाचा.

३ मार्च
दिवसभर खुर्चीत. बायको म्हणाली, उठा, काम नसलं की विरघळाल. कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. ती दुकानात गेली.
एक झाली. दुसरी झाली. मग नुसती फुस्स. वाफच होती. पण थकली असेल बिचारी, श्वास कमी पडतो कधीकधी. मी ती तिसरी शिट्टी धरली. गॅस बंद.
भात कच्चा. बायको म्हणाली, चावा आता. रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो. उजवीकडून चावत बसलो.